बसकीची चाकं

आमच्या डिपार्टमेंटमधल्या एका जोडीदाराचं लग्न होतं. कार्यालयाच्या दारात झेंडूच्या माळा घातलेली मोटार उभी होती, बँडवाले सावलीला टेकले होते. वरात निघायची वेळ झाली आणि बघतात तर मागच्या चाकापाशी एक माणूस उकिडवा बसलेला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेले केस आणि उजवा हात मनगटापर्यंत मडगार्डच्या आत. मुलीच्या मामांना वाटलं, पंक्चर झालं. ते घाबरून म्हणाले, "अहो, किती वेळ लागेल?"

त्या माणसाने वरही न बघता सांगितलं, "चार बोटं सुटतात. मागे तिघं बसले तरी घासणार नाही. न्या बिनधास्त." मग रुमालाला हात पुसून तो आहेर द्यायला आत गेला.

ते जनार्दन ओव्हाळ. कंपनीत सगळे त्यांना जनाभाऊ म्हणत. उभी मोटार दिसली की टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये हात घालून किती बोटं मावतात ते बघायची त्यांना सवय होती. डॉक्टरच्या दारात, सिनेमाच्या थिएटरबाहेर, एकदा तर मयताला गेलो होतो तिथेही. मी दंड धरून उठवलं तेव्हा कुठे उठले.

जनाभाऊ आमच्या ट्रकच्या कारखान्यात टेस्ट ड्रायव्हर होते. वडील देहूरोडला मिलिटरीत ड्रायव्हर, त्यामुळे चालता येण्याआधी गिअर टाकता यायला लागले असं ते सांगत. मी त्यांच्याहून दहाएक वर्षांनी लहान. त्यांच्या शेजारी बसून तेलाचा दाब, पाण्याचं तापमान, ब्रेकची गरमी वाचायची, हे माझं काम. ट्रकला अजून बॉडी नसायची. उघडी चासी, त्यावर वाळूची पोती, आणि ड्रायव्हरसाठी फळ्यांची केबिन. पिंपरीहून निघायचं, भोसरी, मोशी, चाकण करत मंचरच्या पुढे जायचं आणि परत. चाकणच्या आसपास तेव्हा कारखान्यांचं नाव नव्हतं. दोन्ही बाजूंना कांद्याची शेतं, आणि बाजाराच्या दिवशी बैलगाड्यांची रांग. ठरलेला वेग ओलांडायला परवानगी नव्हती. जनाभाऊंनी तो कधी ओलांडला नाही.

एकदा परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "शिंदेराव, ही वाळू घेऊन मी जेवढा फिरलो ना, तेवढ्यात माणूस कुठल्या कुठे पोचला असता. आणि मी रोज संध्याकाळी परत त्याच गेटवर."

गाडीत ते फारसे बोलत नसत. त्यांचा एक शब्द मात्र साऱ्या डिपार्टमेंटने उचलला होता. घासतंय. फोरमन आणि मॅनेजरचं वाजलं की, "त्यांचं घासतंय." पोटात दुखलं तरी, "आत काहीतरी घासतंय." स्वतःच्या पुतण्याचं स्थळ मोडलं तेव्हाही त्यांनी एवढंच सांगितलं, "बोलणी चांगली झाली होती, पण वळणावर घासलं."

या सगळ्याच्या मुळाशी ती गाडी होती.

कंपनीत काही वर्षं एक परदेशी इंजिनियर होता. त्याची इंग्लिश बनावटीची उघडी दोन सीटर होती. शर्यतीसाठी म्हणून त्याने तिच्या स्प्रिंगा आखूड करून ती खाली बसवली होती. इतकी खाली, की आत बसल्या बसल्या हात बाहेर सोडला तर बोटं रस्त्याला टेकायची. कॉलनीतल्या पोरांनी तिचं नाव ठेवलं होतं 'बसकी'. गाडीची देखभाल जनाभाऊ करत. साहेब मायदेशी निघाला तेव्हा तिला गिऱ्हाईक मिळेना आणि बोटीने न्यायचं त्याच्या मनात नव्हतं. जाताना त्याने किल्ली जनाभाऊंच्या हातावर ठेवली.

चिंचवड स्टेशनजवळ त्यांच्या दोन खोल्या होत्या आणि पुढे थोडं अंगण. त्या अंगणात बसकी आली आणि तुळतुळीत लाल रंगाची ती वस्तू बघायला आळी लोटली. सुलोचनावहिनींनी पहिले काही दिवस तिला हात लावला नाही. नंतर उन्हाळा आला तसा त्यांनी तिच्या बॉनेटवर पातळ फडकं अंथरून कुरडया वाळत घातल्या. जनाभाऊ कामावरून येऊन बघतच राहिले. वहिनी म्हणाल्या, "अख्ख्या अंगणात ऊन त्या मेलीवरच पडतं, मी काय करू?"

गाडीचं इंजिन ठणठणीत होतं. दुखणं होतं चाकांचं. मुळातली चाकं सायकलसारखी तारांची. तारा गंजून तुटलेल्या, आणि ज्या दात्यांवर चाक बसायचं ते दाते झिजून गुळगुळीत झालेले. तशी चाकं इथे मिळायची नाहीत आणि परदेशातून मागवायची सोय नव्हती. म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी गाडीची चाकं शोधून बसवायची.

ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं. जनाभाऊंनी एकदा चहाच्या टपरीवर बशी उपडी घालून मला समजावलं. "बोल्ट किती आणि ते केवढ्या गोलात, हे एक. मधलं भोक केवढं, हे दुसरं. ते जुळलं तरी संपलं नाही. चाक उंच असलं तर आपली गाडी खाली बसलेली, खड्ड्यात गेली की वरून मडगार्ड घासणार. लहान घेतलं तर आतून ब्रेकला अडकणार. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाहेर किती येतंय ते. बोटभर बाहेर आलं तरी वळताना पत्रा टायर कापणार. उंच गाडीला कसलंही चाक चालतं हो. तिला जागा असते. खाली बसलेल्याला कुठून जागा?"

शेवटचं वाक्य बोलून ते उगीच हसले. मी बशी सरळ केली.

या कामात त्यांना जोडीदार मिळाला बबन. हा चिखलीचा, गावातल्या जुन्या घरातला. शेतीत मन रमेना म्हणून भोसरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक गाळा घेऊन त्याने लोखंड कातायचा लेथ टाकला होता. डावखुरा माणूस. लेथ उजव्यांसाठी बनवलेला, म्हणून तो जरा तिरका उभा राहून काम करायचा आणि तरी त्याचं काम आरशासारखं असायचं. जनाभाऊ चाकाच्या मध्यावरची, हबची एक तबकडी करून घ्यायला गेले आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसले. तेव्हापासून दर रविवारी दोघं एकत्र. बबन चिखलीहून भाकऱ्या आणायचा, वहिनी इथून सुकटाची चटणी द्यायच्या. दोघांनाही जेवताना बोलायला चाकांशिवाय विषय नसायचा.

पुण्याच्या जुन्या बाजारात त्यांच्याबरोबर मी कितीदा गेलो असेन. जनाभाऊंनी पुठ्ठ्याचे गोल कापून घेतले होते. ढिगातलं चाक उपसून त्याच्यावर पुठ्ठा ठेवायचा, भोकं जुळतात का बघायचं, मान हलवायची, पुढचं उपसायचं. दुकानदार वैतागायचे. एक म्हातारा भंगारवाला म्हणाला, "भाऊ, तुम्ही चाक शोधताय का सून?" बबन म्हणाला, "सून गावली असती रं बाबा आतापतुर."

पहिली जी चाकं मिळाली ती उंच निघाली. पहिल्याच गतिरोधकावर रबर जळाल्याचा वास आला. दुसरी ब्रेकला अडकली. तिसरी सगळीकडून जुळली, पण वळणावर पत्र्याबाहेर यायची. शेवटी ठरलं, हीच घ्यायची आणि मधली तबकडी कापून, आत-बाहेर सरकवून पुन्हा वेल्ड करायची. तसं केलं की चाक आत जाणार होतं.

त्या दिवशी गाळ्यात मी होतो. बबन हातातलं चाक फिरवत बराच वेळ बघत राहिला.

"जना, कापल्यालं चाक त्ये कापल्यालंच. रोजच्याला चालंल. पळवायला न्हाई."

"मला रोज कुठे जायचंय? एकदाच पळवायची आहे."

कुठे पळवायची ते आम्हा दोघांना ठाऊक होतं. विमानांच्या एका जुन्या धावपट्टीवर वर्षातून एकदा मोटारींच्या शर्यती भरत. मुंबईची श्रीमंत पोरं आपापल्या गाड्या घेऊन येत. जनाभाऊंना जिंकायचं नव्हतं. सरळ रस्त्यावर, मागे वाळू नसताना, काटा जिथवर जाईल तिथवर एकदा जाऊन बघायचं होतं. एवढीच त्यांची मागणी होती आणि ती मागताना ते लहान मुलासारखे लाजायचे.

बबनने चाकं केली. इतकी सुबक, की वेल्ड कुठे आहे ते रंगाखाली कळेना. जनाभाऊंनी चारही चाकांत बोटं घालून बघितली आणि बबनला मिठी मारली.

शर्यतीच्या आधीच्या रविवारी दोघं चाचणीला निघाले. मोशीच्या पुढचा तोच आमचा रोजचा रस्ता. मी मागून मोटरसायकलवर होतो. सकाळचं ऊन, रस्ता मोकळा. बसकी माझ्या डोळ्यांदेखत लहान होत गेली. मग मला दिसलं, पुढे एक वळण होतं आणि बबन दारावरून बाहेर वाकला होता. चाक पत्र्याला लागतंय का ते त्याला बघायचं होतं. डावा हात दाराच्या बाहेरच्या बाजूला धरलेला. वळणात गाडीचा डावा कोपरा एकदम खाली बसला. चाक सुटून शेतात उड्या मारत गेलं. गाडी पत्र्यावर घसरत, ठिणग्या उडवत थोडी गेली आणि थांबली. उलटली नाही. जनाभाऊंना खरचटलंही नाही.

बबनचा हात दार आणि रस्ता यांच्यामध्ये होता.

ससूनमध्ये मनगटापासून काढावा लागला. डावा.

चाकाचा वेल्ड फाटला होता. तो बबनने केला होता. चाक निवडलं होतं जनाभाऊंनी. यातलं काय आधी धरायचं आणि काय नंतर, यावर दोघं कधी बोलले असतील असं मला वाटत नाही. जनाभाऊ विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "चाक माझं होतं." बबन काहीच सांगत नसे. चिखलीत त्याच्या भावकीने मात्र निकाल लावून टाकला होता. ओव्हाळाच्या नादी लागून हात घालवला. त्यातला 'ओव्हाळाच्या' हा शब्द ते ज्या सुरात म्हणत, त्या सुरात सगळं आलं होतं. इतकी वर्षं भाकरी एका फडक्यावर सोडली गेली होती ते कुणाला आठवत नव्हतं. जनाभाऊ भेटायला गेले तर बबनच्या थोरल्या भावाने त्यांना ओट्यावरूनच परत पाठवलं.

म्हणून ते भोसरीच्या गाळ्यावर जायला लागले. कंपनी सुटली की तडक तिकडे. बबन स्टुलावर बसायचा आणि जनाभाऊ लेथवर. बबन सांगेल तसं करायचं. पण ट्रक चालवणाऱ्या हाताला ते जमेना. जॉब बिघडायचे. बबन आधी समजावायचा, मग ओरडायचा, मग गप्प व्हायचा. एकदा जाऊन बघितलं तर जनाभाऊ खाली पडलेला लोखंडाचा भुगा झाडत होते आणि बबन आपलं मनगटाशी संपलेलं टोक हँडलवर ठेवून उभा होता. लेथ बंद होता. गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. पुढे लेथ विकावा लागला. गाळ्यात पिठाची गिरणी आली.

बसकी अंगणात विटांवर चढली. वहिनींनी तिच्यावर काही वाळत घालणं बंद केलं. त्या मला म्हणाल्या, "भावजी, तुम्ही सांगा त्यांना. ती नजरेसमोरून गेली तर हे दोन घास खातील." मी सांगितलं. जनाभाऊही तयार होते. भंगारवाल्याशी बोलणंही झालं होतं.

तेवढ्यात बबन आला. अपघातानंतर त्या अंगणात तो प्रथमच येत होता. सदऱ्याची डावी बाही त्याने पिन लावून वर दुमडली होती. वहिनींनी पाणी दिलं, ते त्याने घेतलं नाही. गाडीकडे बघत तो जनाभाऊंना म्हणाला, "इकतोय म्हनं?"

"काय करू ठेवून?"

"चाकं बसव तिला. चांगली. आन पळव. न्हाईतर माजा हात कशापायी गेला त्ये मला सांग."

बबन गेल्यावर जनाभाऊंनी भंगारवाल्याला निरोप पाठवला, गाडी देणार नाही.

त्यानंतरची वर्षं मला सांगता येणार नाहीत, कारण त्यांत काही घडलं नाही. दर रविवारी ते पुठ्ठ्याचे गोल पिशवीत घालून निघायचे. जुना बाजार, मुंबईचे भंगाराचे गल्लीबोळ, एसटीने कोल्हापूर. पूर्वी चाक दिसलं की त्यांचा चेहरा उजळायचा. आता बांधकामावरचा मजूर विटा उचलतो तशी ते चाकं उचलायचे. मडगार्डमध्ये बोटं घालायचं तर त्यांनी सोडूनच दिलं होतं. त्यासाठी लाकडाची एक पट्टी तासून घेतली होती.

कामावरही त्यांचं बिनसलं. चाचणीला निघालो की मोशीच्या पुढे ट्रक बाजूला घ्यायचे, खाली उतरून प्रत्येक चाकाचे नट चाचपायचे. थोडं पुढे गेलो की पुन्हा. चाचणीचे आकडे जुळेनात. नवीन मॅनेजर भला माणूस होता. त्याने समजावलं, रजा दिली, डॉक्टरकडे पाठवलं. शेवटी त्यांना ड्रायव्हिंगवरून काढून मालाच्या गेटवर बसवलं. मी गेटवरून जाताना ते हात करायचे. एकदा म्हणाले, "बरं आहे इथे. गाड्या येतात, जातात. मला कुठे जायचं नसतं."

आणि मग चाकं मिळाली. शोधून नव्हे, तर कुर्ल्याच्या एका भंगारवाल्याने स्वतः निरोप धाडला. आगीत जळालेली कुठलीशी परदेशी गाडी त्याच्याकडे आली होती, तिची चाकं तेवढी वाचली होती. पुठ्ठा ठेवताच भोकं जुळली. अंगणात आणून बसवली. ब्रेकला अडकत नव्हती, मडगार्डला लागत नव्हती, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं तरी पट्टी मोकळी. जणू कुणी बसकीसाठीच ओतली होती. जनाभाऊ उठले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "बसली." वहिनी दारात होत्या. त्या आत निघून गेल्या.

रविवारी बबनला बोलावलं. तो आला. गाडीत दोघांचीच जागा, म्हणून मी मोटरसायकलने पुढे जाऊन मोशीच्या पलीकडे, ते वळण दिसणाऱ्या टपरीवर थांबलो. बबनने उजवा हात मांडीवर ठेवला होता. जनाभाऊंनी गाडी सोडली. आवाज चढत चढत गेला. कित्येक वर्षांत त्यांनी कुठलीही गाडी अशी चालवली नव्हती, आणि ही कशी चालवली ते मी डोळ्यांनी पाहिलं. त्या वळणात बसकी रस्त्याला चिकटून, न हलता गेली. पुढच्या सरळ पट्ट्यावर टिंबाएवढी झाली आणि दिसेनाशी झाली. टपरीवाला म्हणाला, "मायला, विमानच की."

थोड्या वेळाने ती परत आली आणि हळूच टपरीपाशी थांबली. इंजिन बंद झालं. मग बबन उतरला. गाडीला वळसा घालून पुढच्या डाव्या चाकाकडे त्याने बघितलं, मग आलेल्या रस्त्याकडे.

"एवढंच व्हतं व्हय?" तो म्हणाला.

जनाभाऊ स्टेअरिंगवरचे हात न काढता म्हणाले, "एवढंच."

मी चहा सांगितला होता. बबन चहाला थांबला नाही. रस्ता ओलांडून तो बसची वाट बघत उभा राहिला. पाठमोरा. बस येईपर्यंत त्याने मागे पाहिलं नाही, आणि बस आली तशी चढून गेला. त्यानंतर तो त्या अंगणात कधीच आला नाही. जनाभाऊंनी निरोप धाडले, स्वतः दोनदा चिखलीच्या वेशीपर्यंत जाऊन परत आले. बबन कुणावर चिडला आहे असंही नव्हतं. इतकी वर्षं त्याला वाटत असावं की त्या वेगाच्या पलीकडे काहीतरी असेल. ते बघून झालं होतं.

शर्यतीला जनाभाऊ गेले नाहीत. त्या वर्षी नाही, नंतरही नाही. मुंबईचा एक तरुण बसकी बघायला आला आणि चाकं बघून खुळावला. तो गाडी चालवतच घेऊन गेला. अंगणात विटांच्या खुणांचे चार चौकोन तेवढे उरले. वहिनींनी ते झाडून काढले. जनाभाऊ त्या दिवशी गेटवर होते. मी सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "वळताना घासली नाही ना?" मी म्हटलं, नाही. "मग ठीक," म्हणाले आणि समोरच्या लॉरीला हात केला.

ऐंशी सालानंतर मला नाशिकला नोकरी लागली. निघायच्या आदल्या आठवड्यात मी भोसरीहून बसने येत होतो. स्टॉपवर बस थांबली आणि खिडकीतून मला बबन दिसला. पुष्कळ वाळला होता. जवळ कांद्याची अर्धी गोणी. आता तो भाजी विकतो असं कानावर आलं होतं. उजव्या हाताने दांडा धरला तर गोणी खाली राहत होती, गोणी उचलली तर दांडा सुटत होता. मागची माणसं रेटत होती, कंडक्टर "चला, चला" करत होता. मी उठायला लागलो, तर गर्दीतून एक जण पुढे झाला, गोणी उचलून त्याने बबनच्या पायांशी पायरीवर नीट ठेवली आणि ती सरकू नये म्हणून आत ढकलली. ते जनाभाऊ होते.

बबनने मान वळवली नाही. दांडा धरून, समोर बघतच, कोण आहे ते न पाहता तो म्हणाला, "लई बरं झालं, भावा."

जनाभाऊंनी पायरीकडे टाकलेला पाय मागे घेतला. त्यांनाही याच बसने जायचं असावं, कारण सुटे पैसे त्यांच्या मुठीत होते. कंडक्टरने त्यांच्याकडे बघून विचारलं, "येताय का?"

त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. कंडक्टरने घंटी मारली. बस हलली तेव्हा ते स्टॉपच्या खांबाला टेकून, दुसरी बस येते का ते बघत होते.